सात किनाऱ्यांची यादी

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. त्यामुळे गोव्याच्या सहलीची यादी मी करायला घेतली तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. सरलेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं करून मी त्यावर तिथल्या एका लहान उपसागराच्या आजूबाजूचे सात किनारे लिहिले, प्रत्येकाला आकडा दिला आणि दहिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलं. जाता-येता त्यात खाडाखोड करत होते. नवरा म्हणाला, अगं, समुद्र सगळीकडे खारटच असतो, एवढा काय विचार करायचा? मी पेन्सिल उचलून आणखी एक आकडा खोडला.

यादी समुद्रासाठी नव्हतीच. ती आबांसाठी होती. आबा म्हणजे माझे वडील. पेज नदीच्या काठावर, डोंगराच्या पायथ्याच्या गावात ते एकटे राहतात. आई जाऊन चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर ते एक-दोनदा चुकले. एकदा कर्जतच्या बाजारातून निघाले आणि घरी जायचं सोडून जुन्या पोस्टाच्या मागे बसून राहिले. एकदा गॅसवर दूध ठेवून शेतावर गेले. माझा धाकटा भाऊ मोहोपाड्याला असतो, केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. त्याचं म्हणणं, आबांना आता एकटं ठेवायचं नाही, कॉलनीतल्या फ्लॅटवर घेऊन जायचं. तिसरा मजला, खिडकीतून समोरची बिल्डिंग. मागे एकदा आबा तिथे आठ दिवस राहिले होते तेव्हा रोज खिडकीशी उभे राहायचे आणि नळाला पाणी कधी येतं तेवढं वहिनीला विचारायचे.

मी म्हटलं, नाही. भाऊ म्हणाला, मग आपण तिघंच कुठंतरी जाऊ, सहा दिवस, मी स्वतः बघतो त्यांना, मग ठरवू. वहिनीला मुलांच्या परीक्षा होत्या, माझ्या नवऱ्याला दुकान. आबांना विचारलं तर ते म्हणाले, समुद्र बघू की, त्याचं पाणी कोन सोडतो ते तरी कळंल. ही सहल म्हणजे आबांची परीक्षा होती आणि पेपर मी फोडायला बसले होते.

आबांच्या त्या बोलण्यावर आम्ही हसलो, पण गावात कुणी हसलं नसतं. आमच्या पेजला उन्हाळ्यातही पाणी असतं ते वरच्या वीजघराचं. वीज करून झाली की पाणी नदीत सोडतात. त्याआधी नदी म्हणजे नुसते खडक आणि डबकी, आणि पाणी सुटलं की अर्ध्या तासात कमरेच्या वर. आबांनी तिथे चौतीस वर्षं नोकरी केली, दरवाजे उघडण्या-लावण्याची. भोंगा वाजतो, पण वारा उलटा असला की आमच्या टोकाला ऐकू येत नाही. म्हणून कपडे धुणाऱ्या बायका, म्हशी नेणारे, पलीकडच्या शेतावर जाणारे, सगळे वाटेत आमच्या ओटीपाशी थांबून एकच विचारायचे, आबा, आज पाणी कदी? वेळ ठरलेली असली तरी वीजघराने कधी बदललीच तर ती आधी त्यांनाच कळायची, आणि ते घड्याळ बघून सांगायचे. नोकरी संपली तरी विचारणं थांबलं नाही. त्यांचं कधी चुकलं नाही. मला भीती होती ती हीच, की मोहोपाड्याला त्यांना कुणी काही विचारणार नाही आणि त्यांच्यातला माणूसच विझून जाईल.

तर यादी. पहिला किनारा सगळ्यात मोठा, हॉटेलसमोरचाच. तिथे गर्दी, म्हणजे आबा हरवण्याची भीती, म्हणून थोडाच वेळ. दुसरा टेकाडापलीकडे, शांत, तिथे बाकडी आहेत असं फोटोत दिसत होतं. त्यावर मी बरोबरच्या दोन खुणा केल्या. तिसऱ्याला खाडी ओलांडावी लागते, फुली. चौथा फक्त बोटीने, फुली. पाचवा लांबलचक आणि मोकळा, रिक्षा पार रेतीपर्यंत जाते, बरोबरच्या तीन खुणा. सहाव्याला ऐंशी पायऱ्या, फुली. सातवा सगळ्यात लहान. मोठ्या किनाऱ्याच्या टोकाला खडकांची रांग आहे, ओहोटीला तिला वळसा घालून पलीकडे जाता येतं. त्यावरही फुली. भावाने यादीचा फोटो मागवला आणि नेमक्या फुल्या मारलेल्या जागा निवडल्या. म्हणाला, बोट चढता येते का, पायऱ्या उतरता येतात का, तेच तर बघायचंय. फोनवर आमचं वाजलं. शेवटी पहिले चार दिवस माझे आणि पुढचे त्याचे, असं ठरलं.

पहिल्या दिवशी रात्रीच्या गाडीने सकाळी उतरलो आणि सामान टाकून आठ वाजता मोठ्या किनाऱ्यावर गेलो. आबा चपला हातात घेऊन ओल्या रेतीवर उभे राहिले. टोकाचे खडक उघडे होते, त्यांच्यामधून माणसं सातव्या किनाऱ्याकडे चालली होती. आबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"आठला उतरलेलं असतंय हितं," ते म्हणाले. "टाइम ध्यानात ठेव गं."

भाऊ म्हणाला, बघा, आल्या आल्या ड्यूटीवर. तो हसत होता आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्या दोघांना नारळपाणी पाजलं. आबांचं डोकं ठिकाणावर आहे, हे त्याला पहिल्याच सकाळी दिसलं होतं. आठ हा आकडा आम्ही तिघांनीही तोंडपाठ केला. आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण पाणी म्हटलं की आमच्या डोक्यात कुणीतरी लावलेली वेळ असते.

आता ज्याची लाज वाटते ते सांगते. मी दहिवलीत शिकवणी घेते. सातवीच्या मुलांना भूगोल शिकवते. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, हे वाक्य मी त्यांच्याकडून अधोरेखित करून घेते, पट्टी लावून.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना टेकाडापलीकडे नेलं. तिथून परत येताना बाजारात भाऊ फोनवर बोलत मागे राहिला. आबा टोप्यांच्या दुकानापुढे थांबले, मागे वळून पाहिलं आणि मला विचारलं, तुझी आय कुठं राह्यली गं? अगदी साधं विचारलं, जशी ती बांगड्या बघत कुठेतरी रेंगाळली असावी. मी मागे पाहिलं. भाऊ वीस पावलांवर होता.

"येतेय मागून," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली आणि ते टोपी निवडायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. भावाने येऊन विचारलं, काय चाललंय, मी म्हटलं, काही नाही, टोपी घेतोय.

त्यानंतर मी थांबलेच नाही. एकाच जागी बसलं की दोघं बोलत बसणार, बोलता बोलता आबा आणखी काहीतरी विचारणार, आणि भावाला कळणार. तिसऱ्या दिवशी मी एका दिवसात तीन ठिकाणं केली. पाचव्यावर सकाळी, मग रिक्षाने खाडीपर्यंत, जेवून परत टेकाडापलीकडे. आबा कुठं टेकतात न टेकतात तोच मी, चला, ऊन वाढतंय, चला, इथे वारा नाही, चला, तिकडे सावली चांगली आहे. आबांच्या पायाला फोड आला. भावाचं तोंड उतरत गेलं.

"तू आम्हाला फिरवतेयस का पळवतेयस?" शेवटी तो म्हणाला.

मी त्याच्यावर खेकसले, एवढा खटाटोप कुणासाठी करतेय म्हणून. आबा म्हणाले, भांडू नका रं, उद्या ते सातवं बघू, आठला पाणी नसतंय, मग गुमान बसू. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी कबूल झाले. फुली मी मारली होती ती पाण्याला भिऊन, आणि पाण्याची वेळ तर आम्हाला ठाऊक होती. एवढ्या दिवसांत सकाळी आठला मोठ्या किनाऱ्यावर आम्ही परत गेलोच नव्हतो. रोज त्या वेळी मी सगळ्यांना रिक्षात कोंबत होते.

चौथ्या दिवशी आठ वाजता खडकांपाशी पोहोचलो तर खडकच दिसेनात. पाणी त्यांच्यावरून जात होतं. मी थबकले, भाऊ फोटो काढायला मागे थांबला होता. आबांनी घड्याळ पाहिलं. धोतर वर खोचलं आणि सरळ चालायला लागले. त्यांच्या लेखी पाणी सुटलेलं नव्हतं. चौतीस वर्षं ज्या घड्याळाने नदी रिकामी केली त्यावर त्यांचा विश्वास होता, समोरच्या लाटेवर नव्हता. मी ओरडले, आबा, थांबा. ते कमरेपर्यंत गेले होते. एक लाट आली आणि ते आडवे झाले, टोपी एकीकडे, ते एकीकडे. मी साडीसकट आत शिरले. भाऊ माझ्याही आधी पोहोचला. आम्ही दोघांनी बखोटीला धरून त्यांना ओढलं. नाकातोंडात पाणी गेलं होतं, कोपर सोललं होतं. ते खोकत खोकत एवढंच म्हणत होते, टाइम झालाय, टाइम झालाय.

खोलीवर आल्यावर आबा झोपले आणि भावाने मला बाहेर बोलावलं. तो म्हणाला, माझ्या डोळ्यांदेखत माणूस पाण्यात चालत गेला, आता मला काही दाखवू नकोस, या महिन्यापासून आबा माझ्याकडे. मी म्हटलं, अरे, आठ तर आपण तिघांनीही धरलं होतं, तू हसलास, मी नारळपाणी पाजलं, चूक त्यांची एकट्याची कशी? मग अधोरेखित केलेल्या वाक्याचं सांगितलं. तो म्हणाला, ताई, तुला माहीत होतं? मी म्हटलं, डोक्यात आलंच नाही. तो म्हणाला, आपण थांबलो ना, त्यांच्यासमोर पाणी होतं आणि ते थांबले नाहीत. मला रडू आलं, रागही आला, आणि तो कुणाचा ते कळेना.

दुपारी जेवून आबा उठले आणि म्हणाले, मी आता कुठं येनार नाय, तुमाला जायचं तर जा. मोठ्या किनाऱ्यावरच्या एका खानावळीच्या बाईने त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. त्यांनी नारळाच्या झापाचे चार-पाच हीर, म्हणजे पातींमधल्या कडक काड्या, मोडून घेतले आणि पाण्याच्या काठाला एक खोचला. पाणी वर आलं की दुसरा. घड्याळ बघायचे, हीर खोचायचे, परत खुर्चीत. संध्याकाळपर्यंत तेच. पुढचा दिवसही पूर्ण तेच. भाऊ त्यांच्या शेजारी बसून होता, पण बोलायची गरजच पडत नव्हती. मी मात्र किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा चालले ते मोजलं नाही. दर फेरीला वाटायचं, आता विचारतील, आई कुठंय. त्यांनी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. काल पाचला भरलं, आज पावणेसहाला, ते म्हणाले. रोज पाऊण तास पुढं जातंय. आमी एका टायमाला सोडत होतो, ह्याला तसा टाइम नाय. उद्या दुपारी साडेबाराला खडक उघडे पडतील, तवा जाऊ. पुस्तक नाही, फोन नाही, नुसते झापाचे हीर. मी भावाला सांगितलेलं पुस्तकातलं वाक्य आबांपर्यंत पोहोचलं नव्हतं, मला शरमेने ते त्यांच्यापुढे काढताच आलं नव्हतं. भाऊ उठून खानावळीच्या बाईकडे गेला आणि विचारून आला. ती म्हणाली होती, बरोबर आहे त्यांचं, आमचे होडीवाले पण एवढंच सांगतात.

सहाव्या दिवशी साडेबाराला खडक कोरडे होते. आम्ही तिघं वळसा घालून सातव्या किनाऱ्यावर गेलो. पंचवीस पावलांचा किनारा, दोन खेकडे, एक फुटकी होडी, बाकी काही नाही. आबा रेतीत मांडी घालून बसले आणि त्यांनी तोंडाला पाणी लावून ते खारट असल्याची खात्री केली. भाऊ माझ्याशेजारी उभा होता.

"राहू दे त्यांना घरी," तो हळूच म्हणाला. "तुझं बरोबर होतं."

मी जिंकले होते. बाजारातलं त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण आबा समोर इतके समाधानाने बसले होते, आणि मी म्हटलं, एकदाच तर विचारलंय, गर्दीत गोंधळ झाला असेल. संध्याकाळच्या गाडीत मी सहा दिवसांनी पहिल्यांदा निवांत झोपले.

सकाळी पनवेलला उतरून, तिथे ठेवलेल्या भावाच्या गाडीने चौक गावावरून कर्जतच्या बाजूला आलो. सव्वादहाला गावात पोहोचलो. भाऊ चहा घेऊन लगेच निघाला, त्याची दुपारची पाळी होती. जाताना आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, आबा, पंधरा दिवसांनी येतो, बायकोमुलांना घेऊन. मी मागच्या दारी बॅगांमधली रेती झटकत होते. आबा ओटीवर बसले होते. शेजारची काकी गोधड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन वाटेवर थांबली. बऱ्याच दिवसांनी आलात म्हणाली, समुद्र पाहिलात का म्हणाली, मग रोजचं विचारलं, आबा, आज पाणी कदी?

"काल साडेबाराला होतं," आबांचा आवाज मला आत ऐकू आला. "आज सव्वाला. जा खुशाल."

मला आधी हसू आलं. वाटलं, म्हातारा गोव्याची गंमत सांगतोय. मी दुसरी बॅग उलटी केली. मग साडेबारा, सव्वा, पाऊण तास, झापाचे हीर, सगळं एकदम जुळलं आणि हात थांबले. आमचं पाणी अकराला येतं. उन्हाळाभर अकराला. मी ओटीवर आले. आबा घड्याळ बघत शांत बसले होते. काकी दिसत नव्हती. घड्याळात अकराला पाच कमी होते, आणि भोंगा वाजला होता की नाही कुणास ठाऊक, वारा उलटा होता.

मी अनवाणी पळाले. बांधावरून, करवंदीच्या काट्यांतून. काकी नदीच्या मधोमध सपाट खडकावर गोधडी आपटत होती, पाठ वरच्या अंगाला. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. तिने मान वर केली, हसून हात केला. मग तिला वरचा आवाज ऐकू आला. तिने हातातली गोधडी टाकली आणि माझ्याकडे धावली. शेवटच्या दोन खडकांवर पाणी तिच्या मांड्यांना लागलं, मी हात धरून ओढून घेतलं. दोघीही काठावर बसलो. तिच्या तीन गोधड्या वाहत गेल्या, चौथी करंजाच्या मुळात अडकली. ती पदर पिळत एवढंच म्हणाली, त्यांचं कदी चुकलं नाय गं, आजच कसं?

मी घरी आले तेव्हा पायातून रक्त येत होतं. आबा तिथेच होते. त्यांनी माझ्या ओल्या साडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"उतरलं का पाणी?"

हो म्हणणं सोपं होतं. सहा दिवस मी तेच करत आले होते. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"नाही, आबा," मी म्हटलं. "आलं. अकराला आलं."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. मग वाटेकडे बघून त्यांनी विचारलं, तुझी आय नदीवरनं आली का? मी म्हटलं, आबा, आई गेली, चार वर्षं झाली. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या हाताने भावाला फोन लावला. तो चौकच्या पुढे गेला होता. म्हणाला, काय गं, काही विसरलं का गाडीत?

"गाडी वळव," मी म्हटलं. "तुला एक सांगायचं राहिलंय. दुसऱ्या दिवशीचं, बाजारातलं."